दोन ऑफिसांचे इंटरकॉम इंटरनेटवरून जोडायचे तर

तांब्याच्या तारेवरचा फोन हळूहळू निवृत्त होतोय. ब्रिटनने जुनं टेलिफोन जाळं बंद करायची मुदत आधी डिसेंबर २०२५ ठेवली होती, ती पुढे जानेवारी २०२७ पर्यंत ढकलली. इतर अनेक देशांतही हेच काम कमीअधिक वेगाने चाललं आहे. अशा वेळी दोन ठिकाणी ऑफिस असलेल्यांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. दोन्हीकडे भिंतीवर टेलिफोनचा बोर्ड आहे, प्रत्येक टेबलावर तीन आकडी नंबरचा फोन आहे, दोन्हीकडे इंटरनेट आहे. मग इकडच्या टेबलावरून तिकडच्या टेबलाला इंटरकॉमसारखा फोन का लावता येऊ नये?

लावता येतो. त्यासाठी एक छोटा डबा बसवायचा असतो आणि तो अर्ध्या तासात बसतोही. पुढचे पंधरा दिवस जातात ते भलत्याच गोष्टींत: नंबर एकमेकांवर आदळतात, एकाच बाजूचा आवाज येतो, फोन ठेवला तरी लाइन सुटत नाही. आणि खापर फुटतं इंटरनेटच्या वेगावर, ज्याचा यात दोष बहुतेक वेळा सर्वांत कमी असतो.

## देणारा पोर्ट आणि घेणारा पोर्ट

ऑफिसातला बोर्ड, म्हणजे ईपीएबीएक्स, हे एक छोटं एक्स्चेंजच. टेबलावरचे फोन लागतात ते त्याचे एक्स्टेंशन पोर्ट. बाहेरची लाइन येते ते ट्रंक पोर्ट. दिसायला दोन्ही सारखे, दोन्हींना दोनच तारा. पण काम उलट. एक्स्टेंशन पोर्ट फोनला वीज पुरवतो, डायल टोन देतो, घंटी वाजवतो. ट्रंक पोर्ट हे सगळं समोरून घेतो.

बोर्ड आणि इंटरनेट यांच्यामध्ये जो डबा बसतो त्याला गेटवे म्हणतात. तारेवरचा आवाज आणि इंटरनेटवरची पॅकेटं यांच्यातला तो दुभाष्या. त्यालाही दोन प्रकारचे पोर्ट असतात: डायल टोन देणारा एफएक्सएस, घेणारा एफएक्सओ. जोडताना देणाऱ्यासमोर घेणारा आला पाहिजे, बस. दोन घेणारे समोरासमोर आले तर काहीच होत नाही, दोघंही दुसऱ्याच्या डायल टोनची वाट बघत बसतात. दोन देणारे समोरासमोर आले तर मात्र दोन्हीकडून वीज ढकलली जाते, आणि घंटीचा सत्तर-ऐंशी व्होल्टचा दाब आला की पोर्ट जळूही शकतो. म्हणून तार खोचण्यापूर्वी त्या पोर्टला साधा फोन लावून पाहावा. डायल टोन आला तर तो देणारा.

आता पहिल्या ऑफिसातून दुसऱ्यातल्या १२५ ला फोन लावायचा आहे असं धरू. पहिल्या बोर्डाच्या रिकाम्या ट्रंक पोर्टला गेटवेचा एफएक्सएस जोडला, की बोर्डाला वाटतं आणखी एक बाहेरची लाइन आली. दुसऱ्या टोकाला दोन वाटा आहेत. तिथेही ट्रंक पोर्टला जोडलं, तर आलेला फोन परक्यासारखा ऑपरेटरकडे जातो, किंवा ‘एक्स्टेंशन नंबर दाबा’ म्हणणाऱ्या ध्वनिमुद्रणाकडे. त्याऐवजी गेटवेचा एफएक्सओ तिथल्या एक्स्टेंशन पोर्टला जोडला, तर गेटवे त्या बोर्डाच्या लेखी टेबलावरचा एक साधा फोन ठरतो. तो रिसीव्हर उचलतो, डायल टोन ऐकतो, १२५ दाबतो, आणि फोन थेट त्या टेबलावर वाजतो. दुसरी वाट वापरणाऱ्याला सोयीची, बसवणाऱ्याला त्रासाची. तो त्रास पुढे येईलच. दोन्ही दिशांनी असंच हवं असेल तर दोन्हीकडे दोन्ही प्रकारचे पोर्ट लागतात, आणि एका वेळी त्या दिशेने जितके पोर्ट तितकेच कॉल.

बोर्ड मोठा असेल आणि त्यात ई१ कार्ड असेल तर एकाच केबलवर ३० कॉल जातात, नंबर आणि ‘फोन ठेवला’ हा निरोपही आकड्यांच्या रूपात पोचतो. तिथे एवढंच पाहायचं की घड्याळ एकाच बाजूचं मानलं जातंय. दोन्ही टोकं आपापल्या घड्याळाने चालली की आवाजात टकटक येते. दोन्ही बोर्ड नव्या पिढीचे, म्हणजे थेट इंटरनेटची पाकिटं समजणारे आयपी बोर्ड असतील तर गेटवेच लागत नाही, ते एकमेकांशी थेट बोलतात. त्या अदृश्य जोडणीला एसआयपी ट्रंक म्हणतात.

## आवाजाची पाकिटं

टेलिफोनमध्ये आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिलं जातं. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. या पद्धतीचं नाव जी.७११. हा प्रवाह २० मिलिसेकंदांच्या फोडी करून पाठवतात: प्रत्येक पाकिटात १६० बाइटचा आवाज, वर ४० बाइटचा पत्ता आणि शिक्के, आणि सेकंदाला अशी ५० पाकिटं.

एका कॉलमध्ये दोन वेगळे व्यवहार चालतात. हा फरक कळला की निम्मे बिघाड जागेवरच ओळखता येतात. पहिला व्यवहार निरोपांचा: अमक्याला घंटी द्या, त्याने उचलला, त्याने ठेवला. हे काम एसआयपी नावाची भाषा करते आणि बहुधा ५०६० या पोर्टवरून. (हा पोर्ट म्हणजे तार खोचायचं भोक नव्हे, इंटरनेटवरच्या यंत्राचा क्रमांक दिलेला दरवाजा.) दुसरा व्यवहार प्रत्यक्ष आवाजाचा. त्याला आरटीपी म्हणतात, आणि तो दर कॉलला नव्या पोर्टवरून जातो. पुष्कळ बोर्डांत त्यासाठी १०००० ते २००००ची पट्टी राखलेली असते. घंटी वाजली, उचलला, पण आवाज नाही, याचा अर्थ निरोप पोचले आणि पाकिटं वाटेत अडली. घंटीच वाजली नाही तर निरोपच पोचला नाही. तक्रार ऐकताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

## वेग किती लागतो?

हिशेब सोपा आहे. १६० आणि ४० मिळून २०० बाइट, सेकंदाला ५० वेळा: ८० किलोबिट. ऑफिसातल्या केबलवरचं वेष्टन धरून सुमारे ८७. जोडणी व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेल्या खाजगी, कुलूपबंद बोगद्यातून नेली तर आणखी वीस-पंचवीस किलोबिट. म्हणजे एका कॉलला प्रत्येक दिशेने ११० किलोबिट धरले की झालं. एकाच वेळी दहा कॉल चालू असले तरी सव्वा मेगाबिटही लागत नाही.

जी.७२९ नावाची आवाज दाबून पाठवणारी पद्धतही आहे. ती ६४ ऐवजी ८ किलोबिटांत भागवते. आठपट बचत वाटते, पण पाकीट तेच राहतं: २० बाइटची चिठ्ठी आणि ४० बाइटचं वेष्टन. खरी गरज २४ किलोबिटांची पडते, बचत तिपटीपेक्षा थोडी जास्त, आणि आवाज जरा डब्यातून आल्यासारखा. लाइन खरोखरच अरुंद असेल तरच हिच्या वाटेला जावं. एरवी जी.७११ ठेवावी.

## मग आवाज तुटतो कशाने?

उशिराने. ईमेल दोन सेकंद उशिरा आला तर कोणाचं बिघडत नाही. आवाजाचं पाकीट वेळेवर आलं नाही तर ते आलं काय नि न आलं काय, सारखंच. म्हणून इथे रुंद रस्त्यापेक्षा वेळ पाळणारी गाडी महत्त्वाची.

तोंडातून निघालेला शब्द दुसऱ्याच्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांत पोचला तर संभाषण नैसर्गिक वाटतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय संस्थेची शिफारसही हीच आहे. त्याहून बराच जास्त उशीर झाला की दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात. या १५० पैकी २० मिलिसेकंद एक पाकीट भरण्यात जातात. काचेच्या तंतूमधून (फायबरमधून) जायला दर हजार किलोमीटरला सुमारे ५ लागतात, म्हणजे अंतराचा खर्च वाटतो तेवढा नाही. ४० ते ६० जातात ते पलीकडच्या हौदात. पाकिटं एकसारख्या अंतराने येत नाहीत, कधी गर्दीने तर कधी खंड पडून येतात. या अनियमिततेला जिटर म्हणतात. ती झाकायला पलीकडचं यंत्र थोडी पाकिटं साठवून मगच वाजवतं. हौद छोटा ठेवला तर शब्द गळतात, मोठा ठेवला तर उशीर वाढतो.

खरा घोटाळा होतो तो आपल्याच राऊटरच्या दारात. समजा अपलोडचा वेग ५ मेगाबिट आहे. कोणीतरी मोठी फाइल पाठवायला घेतली. फाइलचं एक पाकीट १,५०० बाइटचं, ते दारातून बाहेर पडायला २.४ मिलिसेकंद. अशी शंभर पाकिटं रांगेत उभी असली तर आपल्या आवाजाचं छोटं पाकीट २४० मिलिसेकंद मागे ताटकळतं. वेगाची चाचणी घेतली तर ५ मेगाबिट पूर्ण दिसतात. कॉलची मात्र वाट लागलेली असते, आणि तीही फक्त समोरच्याच्या कानात. ‘मला नीट ऐकू येतंय, त्यांनाच तुटक येतंय’ ही तक्रार आली की आपलं अपलोड तपासावं.

इलाज असा: राऊटरमध्ये आवाजाच्या पाकिटांना पहिला मान द्यायचा. त्यांच्यावर ४६ क्रमांकाची खूण असते, ती गेटवेमध्ये चालू करायची. आणि राऊटरचा अपलोड वेग मुद्दाम खऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधायचा. हे न करता नुसता मान दिला तर उपयोग होत नाही, कारण रांग पुढच्या मोडेममध्ये लागते आणि तिथे आपलं कोणी ऐकत नाही. ही खूण इंटरनेटच्या मोकळ्या रस्त्यावर पाळली जाईलच असं नाही, पण गर्दी बहुधा आपल्याच दारात असते, त्यामुळे एवढ्याने भागतं.

## तारांआधी कागद: नंबरांची वाटणी

दोन्ही ऑफिसांत १०१ आहे. दोन्हीकडे १२५ आहे. यंत्राने कोणाला उचलायचं? हे डबा आणण्याआधी कागदावर ठरवायचं. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक ऑफिसाला एक सांकेतिक आकडा: पहिलं ७१, दुसरं ७२. दुसऱ्या ऑफिसातला १२५ हवा तर ७२१२५. जास्त नेटका मार्ग म्हणजे सगळ्यांना चार आकडी नंबर, एकीकडे २ ने सुरू होणारे, दुसरीकडे ३ ने. यात लोकांना काही लक्षात ठेवावं लागत नाही, पण दोन्ही बोर्ड नव्याने लावावे लागतात. जमत असेल तर हाच मार्ग घ्यावा; तिसरं ऑफिस निघालं की पुन्हा तोच प्रश्न उभा राहत नाही.

निवडलेला आकडा आधीच कशाला वापरलेला नसावा. शून्य बहुधा बाहेरच्या लाइनला, ९ ऑपरेटरला, काही आकडे कॉल उचलण्याला किंवा फिरवण्याला. आपत्कालीन नंबर ज्या आकड्याने सुरू होतो त्याला तर हातच लावू नये. आणि ७१ हा संकेत असताना ७१ किंवा ७११ हे एक्स्टेंशन ठेवू नये. बोर्डाला कळत नाही की माणूस थांबलाय की अजून दाबणार आहे, म्हणून तो चार-पाच सेकंद वाट बघतो आणि सगळे म्हणतात, फोन हळू लागतो.

आलेल्या कॉलवर दिसणारा नंबर हा आणखी एक सुटलेला धागा. दुसऱ्या ऑफिसातून १२५ ने फोन केला आणि पडद्यावर नुसतं १२५ दिसलं, तर परत फोन आपल्याच ऑफिसातल्या १२५ ला जातो. गेटवेने आलेल्या नंबरापुढे ७२ लावलं पाहिजे. अर्थात बोर्ड जुना असेल आणि नंबर दाखवतच नसेल तर हा प्रश्न येत नाही.

सर्वांत खर्चीक चूक म्हणजे चक्र. पहिल्या ऑफिसातल्या साहेबांनी फोन दुसऱ्या ऑफिसाकडे फिरवला, तिथल्या सहायकाने तो पहिल्याकडे. कॉल जातो, येतो, जातो, आणि काही सेकंदांत सगळे पोर्ट भरतात. एसआयपीत यावर लगाम आहे: प्रत्येक निरोपावर किती हात बदलायचे याचा आकडा असतो, सहसा ७०, आणि तो दर टप्प्याला एकने घटतो. पण कॉल मध्येच बोर्डाच्या दोन तारांतून गेला की तो आकडा पुसला जातो आणि मोजणी पहिल्यापासून. म्हणून दुसऱ्या ऑफिसातून आलेला कॉल पुन्हा त्याच ट्रंकवर परत पाठवता येणार नाही, अशी बंदी बोर्डातच घालावी.

## एकाच बाजूचा आवाज का येतो?

ऑफिसातल्या यंत्रांना आतले पत्ते असतात, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारे. बाहेर पडताना राऊटर पाकिटावरचा आतला पत्ता खोडून स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितो. पण एसआयपीच्या चिठ्ठीत, पाकिटाच्या आत, गेटवेने ‘माझा आवाज या पत्त्यावर पाठवा’ असं लिहिलेलं असतं आणि तिथे आतलाच पत्ता राहतो. पलीकडचा गेटवे भाबडेपणाने त्या पत्त्यावर पाकिटं पाठवतो. ती कुठेच पोचत नाहीत. आपला आवाज त्याला ऐकू जातो, त्याचा आपल्याला नाही.

काही राऊटर हे ओळखून चिठ्ठी उघडून पत्ता दुरुस्त करायला जातात. या सोयीला एसआयपी एएलजी म्हणतात. हेतू चांगला, पण ती अर्धवटच दुरुस्ती करते असा सर्वत्र अनुभव आहे. ती बंद करून टाकावी. मग दोन पर्याय उरतात. एक, गेटवेला बाहेरचा पत्ता सांगून ठेवायचा आणि आरटीपीची पोर्टपट्टी राऊटरमध्ये त्याच्याकडे वळवायची. दोन, दोन ऑफिसांमध्ये कायमचा व्हीपीएन टाकायचा, म्हणजे दोन्ही गेटवे एकमेकांना आतल्याच पत्त्याने ओळखतात. दोनच ऑफिसं असतील तर दुसरा पर्याय डोळे झाकून घ्यावा. त्यात संभाषण गुप्तही राहतं. फक्त दोन्ही ऑफिसांचं जाळं १९२.१६८.१ वरच असेल तर व्हीपीएन चालणार नाही. एक्स्टेंशनचा घोळ इथे पत्त्यांच्या रूपाने पुन्हा भेटतो, आणि उपायही तोच: एकाची मालिका बदला.

याच जातीचा आणखी एक बिघाड घड्याळावरून ओळखता येतो. कॉल लागतो, आवाज दोन्हीकडे स्वच्छ, आणि बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो. फोन उचलला गेला हा निरोप मिळाल्यावर त्याची पोच परत द्यावी लागते. पोच चुकीच्या पत्त्यावर गेली तर समोरचं यंत्र निरोप पुन्हा पुन्हा पाठवतं आणि ३२ सेकंदांनी नाद सोडतं. पंधराव्या मिनिटाच्या आसपास तुटणारा कॉल याचाच भाऊ: बऱ्याच यंत्रांत ‘अजून बोलताय ना?’ ही विचारणा १,८०० सेकंदांच्या निम्म्यावर होते आणि ती वाटेत अडते.

## फोन ठेवला तरी लाइन सुटत नाही

हा तो आधी म्हटलेला त्रास. एफएक्सओ पोर्ट दुसऱ्या बोर्डावर टेबलावरच्या फोनसारखा बसलाय. तिथल्या माणसाने रिसीव्हर ठेवला. बोर्ड गेटवेला काय कळवणार? साध्या फोनला तो नुसता बिझी टोन ऐकवतो, कारण पलीकडे माणूस असेल आणि तो ऐकून ठेवेल, हे त्याने गृहीत धरलंय. गेटवेला कान आहेत, पण कोणता टोन ओळखायचा हे त्याला सांगावं लागतं. युरोपात बहुतेक ठिकाणी तो ४२५ हर्ट्झचा, उत्तर अमेरिकेत ४८० आणि ६२० एकत्र. आणि बोर्डाचा स्वतःचा टोन देशातल्या टोनहून वेगळा असू शकतो. तो न जुळल्यास गेटवे तासन्‌तास बिझी टोन ऐकत बसतो, पोर्ट अडकून राहतो, आणि सगळे पोर्ट अडकले की ‘इंटरनेट फोन बंद पडला’. गेटवे बंद-चालू केला की चालतो, म्हणून सगळे तोच उपाय करत राहतात. खरा उपाय म्हणजे बोर्डाचा टोन ध्वनिमुद्रित करून त्याची कंपनसंख्या आणि चालू-बंदचा काळ मोजायचा, मग तेच आकडे गेटवेत भरायचे. बोर्ड फोन ठेवताना क्षणभर वीज तोडत असेल तर त्याहून उत्तम. ती खूण चुकत नाही.

स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर तोही या दोन तारांचाच प्रसाद. दोन तारांवर जाणारा आणि येणारा आवाज एकत्र असतो, वेगळा करताना थोडा गळतो. जुन्या फोनवरही तो गळायचा, पण लगेच परत यायचा म्हणून जाणवायचा नाही. आता उशिरा येतो म्हणून जाणवतो. ज्याला प्रतिध्वनी ऐकू येतो त्याच्याकडे दोष नसतो, समोरच्या टोकाला असतो. तिथल्या गेटवेचं इम्पिडन्स (तारेवरच्या प्रवाहाला होणारा अडथळा) बोर्डाशी जुळवावं आणि आवाजाची पातळी दोन-तीन डेसिबलने उतरवावी.

## ‘मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?’

मोबाइल माणसाचा असतो, एक्स्टेंशन खुर्चीचं. हिशेब विभागातला माणूस बदलला तरी १२५ तोच राहतो, आलेला कॉल या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरवता येतो. ज्यांना याची गरज नाही त्यांनी खरंच हा खटाटोप करू नये.

## ‘इंटरनेट किंवा वीज गेली तर?’

जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, म्हणून दिवे गेले तरी फोन चालायचा. आता गेटवे, राऊटर, यंत्रांच्या केबली एकत्र जोडणारा स्विच आणि तंतूचा मोडेम, चारही यूपीएसवर हवेत. नेमका मोडेमच राहून जातो. शिवाय प्रत्येक ऑफिसात एक स्वतंत्र बाहेरची लाइन ठेवावी आणि आपत्कालीन नंबर नेहमी तिच्यावरूनच जाईल असं बोर्डात बांधून टाकावं. तो कॉल चुकून दुसऱ्या ऑफिसाच्या ट्रंकवरून गेला तर मदत त्या पत्त्यावर पोचेल. फॅक्स, लिफ्टमधला फोन आणि धोक्याची घंटा या लाइनवरच राहू द्यावेत. फॅक्स इंटरनेटवरून न्यायचाच झाला तर दोन्ही गेटवेत टी.३८ ही फॅक्स इंटरनेटवरून नेण्याची पद्धत चालू असली पाहिजे.

## ‘कोणी आमच्या लाइनवरून फोन केले तर?’

करतात. उघड्या ५०६० पोर्टच्या शोधात इंटरनेटवर यंत्रं दिवसरात्र फिरत असतात. एक्स्टेंशन २०१, पासवर्ड २०१ असं सापडलं की रात्रीत परदेशी महागड्या नंबरांवर कॉल सुटतात आणि बिल तुमच्या नावे येतं. गेटवेने फक्त समोरच्या ऑफिसाच्या पत्त्यावरून आलेले निरोप स्वीकारावेत, पासवर्ड लांब असावेत, आणि परदेशी कॉल ज्यांना लागतात त्यांनाच खुले असावेत. एका ऑफिसातून इंटरनेटने जाऊन दुसऱ्या ऑफिसाच्या लाइनवरून बाहेर फोन करण्यावर काही देशांत निर्बंध आहेत. आतल्या आत बोलण्यापलीकडे जायचं असेल तर आधी नियम वाचावा.

## ताबा घेण्याआधी

बसवणारा माणूस ‘हॅलो, येतोय ना आवाज?’ एवढ्यावर निघू पाहतो. त्याला थांबवून एक कॉल वीस मिनिटं चालू ठेवा, आणि त्यातली पाच मिनिटं मोठी फाइल अपलोडला लावा. कॉल होल्डवर टाका, दुसऱ्या टेबलाला द्या. ध्वनिमुद्रित सूचनेवर आकडे दाबून पाहा. एक दाबल्यावर दोनदा पोचत असेल तर आकडे आवाजातूनही जातायत आणि वेगळ्या निरोपातूनही, त्यातलं एक बंद करायला सांगा. मग दोन कॉल लावा. पहिला इकडून आधी ठेवा, दुसरा तिकडून, आणि दोन्ही वेळी गेटवेजवळ उभं राहून पोर्टचा दिवा बघा. दहा-पंधरा सेकंदांत तो विझला नाही तर पैसे देऊ नका.